इन्स्पेक्शनमध्ये इंटर्नशिप: बडोद्यात कुठे विचारायचं, तयारी काय करायची?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर दांडिया बाजारातच. येत्या सुट्टीत आणि मग शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप करायची आहे आणि ती मला इन्स्पेक्शनमध्येच करायचीये, म्हणजे प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणाऱ्या टाक्या), हीट एक्स्चेंजर, पायपिंग नीट बनलंय का ते तपासायच्या लाइनला. कॉलेजच्या व्हिजिटला एका शॉपमध्ये, म्हणजे फॅब्रिकेशनच्या कारखान्यात, हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाब देऊन गळती बघायची टेस्ट) चालू होती, एक इन्स्पेक्टर मॅडम टॉर्च घेऊन एकेक जॉइंटपाशी वाकून बघत होत्या आणि अख्खं शॉप त्या काय म्हणतात याची वाट बघत उभं होतं, तेव्हापासून हेच डोक्यात आहे.
थर्ड पार्टी इन्स्पेक्शनवाल्या, म्हणजे बनवणारा आणि घेणारा सोडून तिसरी म्हणून माल तपासणाऱ्या, मोठ्या कंपन्यांना मेल टाकले, कुणाचंच उत्तर नाही. एक क्लासवाले म्हणतात आधी एनडीटी (जॉब न तोडता करायची तपासणी) लेव्हल टू कर, त्याशिवाय कुणी दारात उभं करणार नाही. फी बरीच आहे, बाबा भरतो म्हणतात पण मला आधी नीट विचारून घ्यायचंय. इथे या लाइनचे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, कुठे जाऊ, काय वाचू, इंटरव्ह्यूत काय विचारतात?

गेज_आणि_टॉर्च:
अरे वा, स्वतःहून इन्स्पेक्शन मागणारा मुलगा फार दिवसांनी भेटला. मी याच कामात आहे, आता फ्रीलान्स करतो, इन्स्पेक्शनचा कॉल आला की निघायचं, आज सावली गावात तर उद्या हालोलला.
पहिलं म्हणजे मेलचं उत्तर का येत नाही ते समजून घे, म्हणजे मनाला लागणार नाही. थर्ड पार्टी कंपनी जो माणूस पाठवते त्याचा सीव्ही बऱ्याचदा क्लायंटने अप्रूव्ह केलेला असतो, त्याच्या सहीवर माल हलतो आणि त्याच्या दिवसाचं बिल लागतं. इंटर्नला सही करता येत नाही, त्याचं बिल लागत नाही, वर दुसऱ्याच्या फॅक्टरीत न्यायचं म्हणजे गेटपास, इन्शुरन्स, पीपीई सगळं आलं. म्हणून ते सहसा घेत नाहीत. तुझ्यात काही कमी आहे असं अजिबात नाही.
आता उलटा विचार कर. हे सगळे इन्स्पेक्टर जातात कुठे? फॅब्रिकेटरकडे. तर तूच तिथे जाऊन बस. मध्यम साइजचं फॅब्रिकेशन शॉप शोध ज्याचं स्वतःचं क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) डिपार्टमेंट आहे आणि तिथेच इंटर्नशिप माग. आठवड्यात वेगवेगळ्या एजन्सीचे लोक येतात, कुणी कागद आधी बघतं, कुणी सरळ जॉबवर चढतं, कुणी वेल्डरशी बोलून अर्धं काढून घेतं. हे सगळं तुला एकाच जागी बसून बघायला मिळेल, एजन्सीच्या ऑफिसात बसून कधीच नाही मिळणार. बडोद्यात याला तोटा नाही, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), पोर-रमणगामडी, वाघोडिया, सावली-मंजुसर, रणोली. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, मागोमाग खत आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने आले, त्यांना टँक, व्हेसल, एक्स्चेंजर लागायचे म्हणून आजूबाजूला ही शॉप्स उभी राहिली. या कामासाठी गुजरातेत राहणं म्हणजे नशीबच समज.
आणि मेल नको टाकूस. जाऊन उभा राहा. गेटवर एचआर विचारू नकोस, क्यूसीचे साहेब आहेत का विचार. महिनाअखेर टाळ, डिस्पॅचच्या धावपळीत कुणी मान वर करत नाही, आणि मार्चमध्ये तर नकोच. आणि हो, तो क्लासवाल्यांचा लेव्हल टूचा कोर्स आत्ता नको.

रावपुरा_टॉवर:
काकांचं बरोबर आहे पण कोर्सबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी लहान शॉपमधून मोठ्या कंपनीत गेलो तेव्हा एचआरच्या चाळणीत लेव्हल टू लिहिलेलं होतं म्हणूनच माझा कागद पुढे सरकला. चाळणी चूक असेल, पण आहे ना. तेव्हा कोर्स अगदीच टाकाऊ आहे असं मुलाला वाटायला नको.

गेज_आणि_टॉर्च:
टाकाऊ कोण म्हणतंय. मी म्हणतो आत्ता नको, आणि भलताच नको. @दांडियाबाजारकर नीट वाच. हे क्लास ज्या एसएनटी-टीसी-१ए वर सर्टिफिकेट देतात ती एएसएनटी या अमेरिकन एनडीटी संस्थेने एम्प्लॉयरसाठी काढलेली शिफारस आहे. माणसाला सर्टिफाय करायचं एम्प्लॉयरने, आपल्या लेखी पद्धतीप्रमाणे, आणि त्यात क्लासच्या तासांबरोबर प्रत्यक्ष कामाचे तासही मोजतात. क्लास तुला ट्रेनिंग देईल, परीक्षा घेईल, पण अनुभवाचे तास कुठून आणणार? जो म्हणतो 'तास आम्ही दाखवून देऊ' त्याच्या दारात परत जायचं नाही. या लाइनचा पहिलाच कागद खोटा असला तर पुढच्या कागदांचं काय!
तास झाले की मग कर. आधी व्हिज्युअल (डोळ्यांनी तपासणं) आणि पेनेट्रंट (रंग मारून भेगा शोधणं), ते स्वस्त असतं आणि रोज लागतं. मग अल्ट्रासॉनिक, त्याला बसून अभ्यास लागतो. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचा आपल्याकडे चॅप्टर आहे, त्यांची लेक्चरं असतात, स्टुडंट म्हणून जाऊन बसत जा, ओळखी तिथेच होतात. सीस्विप ३.१, एपीआय ५१० वगैरे इन्स्पेक्टरच्या सर्टिफिकेटची नावं ऐकशील, ती अनुभवानंतरची आहेत, आत्ता त्यांच्या मागे लागू नकोस.
आणि एक काम उद्याच कर, डोळे तपासून घे. जवळचं बारीक वाचता येणं आणि रंगातला फरक ओळखणं, दोन्ही तपासतात. चष्मा असला तर चष्म्यासकट चालतं. जवळच्या नजरेची टेस्ट दर वर्षी करावी लागते, आम्हालाही.

वेल्डिंग_ताई:
मी एका फॅब्रिकेशन कंपनीत क्यूसीला आहे, हाताखाली दर वर्षी एकदोन इंटर्न येतात म्हणून माझ्या बाजूने सांगते. मुलं येतात ती एएसएमई कोडची नावं पाठ करून. सेक्शन एट (प्रेशर व्हेसलचा), सेक्शन नाइन (वेल्डिंगचा) धडाधड म्हणतात. मी समोर एक मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट (एमटीसी, मालाबरोबर मिलने दिलेला टेस्टचा कागद) ठेवते आणि म्हणते, वाच. तिथे शांतता.
तर दादा, तू एमटीसी वाचायला शिक, याच्यापेक्षा मोठी तयारी मला माहीत नाही. समज एसए ५१६ ग्रेड ७० ची, म्हणजे प्रेशर व्हेसलच्या कार्बन स्टीलची, प्लेट आहे. आधी वरचं बघायचं, स्पेसिफिकेशन काय लिहिलंय, कुठल्या वर्षाची एडिशन, सर्टिफिकेट ३.१ आहे की ३.२. हा फरक साधा आहे, ३.१ मध्ये मिलच्याच पण प्रॉडक्शनपासून वेगळ्या असलेल्या इन्स्पेक्शनवाल्याची सही असते, ३.२ मध्ये त्याच्या जोडीला बाहेरच्याचीही. मग हीट नंबर (स्टील ज्या घाण्यात वितळवलं त्याचा नंबर), प्लेट नंबर. मग केमिकल, मग मेकॅनिकल. या ग्रेडला टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद) ४८५ ते ६२० मेगापास्कलमध्ये हवं आणि यील्ड (कायमचं ताणलं जायला लागायची हद्द) कमीत कमी २६०. कागदावर ६२८ आलं तर बरेच जण म्हणतात जास्तच आहे, मजबूत आहे, चांगलंय की. चांगलं नाही, वरची मर्यादा काहीतरी विचार करूनच ठेवलेली असते, मर्यादेबाहेर गेलं की ते ५१६ ग्रेड ७० नाही, विषय संपला.
आणि मग उठून प्लेटपाशी जायचं! कागदावरचा हीट नंबर प्लेटवर पंच केलेला आहे का ते स्वतः बोट ठेवून वाचायचं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मोठ्या प्लेटमधून चार तुकडे कापायचे असतील तर कापायच्या आधी चारही तुकड्यांवर नंबर उतरवायचा आणि इन्स्पेक्टरने तो बघायचा, मगच गॅस कटर लावायचा. आधी कापलं आणि नंबर एकाच तुकड्यावर राहिला की उरलेल्या तीन तुकड्यांना आईबाप नाही. कागद फाइलमध्ये कितीही छान लावलेला असो.

दांडियाबाजारकर:
ताई हे कुणी कॉलेजात असं सांगितलंच नाही. एमटीसी मिळणार कुठे वाचायला? आणि डब्ल्यूपीएस, पीक्यूआर थिअरीत आहेत पण खरे कधी पाहिले नाहीत.

वेल्डिंग_ताई:
एमटीसी कुठल्याही स्टीलच्या ट्रेडरकडे मिळेल, जुनी कॉपी माग, पार्टीचं नाव झाकून देतात. दहाबारा वाच, वेगवेगळ्या ग्रेडच्या. एसए १०६ ग्रेड बी पाइपचं घे, एसएस ३०४ आणि ३१६ चं शेजारी शेजारी ठेव, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम दोन ते तीन टक्के दिसेल, ३०४ ला ती मागणीच नाही. डोळ्याला दोन्ही प्लेटा सारख्याच चकचकीत, म्हणून तर पीएमआय मशीन (धातूत काय काय आहे ते दाखवणारं) लावतात.
डब्ल्यूपीएसचं असं धर, वेल्डिंग कसं करायचं याची ती लेखी कृती. ती कृती चालते हे टेस्ट पीस वेल्ड करून, तोडून, वाकवून सिद्ध केलं त्याचा रेकॉर्ड म्हणजे पीक्यूआर. आणि हा ठराविक वेल्डर ते करू शकतो याचा तिसरा कागद. शॉपमध्ये गेलास की एक जॉइंट पकड आणि त्या जॉइंटचे हे तिन्ही कागद मागून काढ, ड्रॉइंगवर जॉइंट नंबर, त्याला कुठली डब्ल्यूपीएस, कुणी मारला, तो वेल्डर त्या प्रोसेसला, त्या जाडीला, त्या पोझिशनला क्वालिफाय आहे का. सेक्शन नाइनप्रमाणे वेल्डरने सहा महिने त्या प्रोसेसने कामच केलं नसेल तर त्याचं क्वालिफिकेशन संपतं, म्हणून कंटिन्युइटीचं रजिस्टर असतं, तेही बघ. एका जॉइंटमागे असा लागलास की आठवड्यात जे कळेल ते वर्षभर नोट्स वाचून कळणार नाही.
आणि ७०१८ चे वेल्डिंग रॉड. पावसाळ्यात इथे दमट हवा असते, ते रॉड ओलावा धरतात आणि मग वेल्डमध्ये हायड्रोजन जाऊन क्रॅकची भीती. त्यासाठी बेकिंग ओव्हन असतो आणि वेल्डरजवळ छोटा पोर्टेबल ओव्हन. सहज चालत जाऊन त्या पोर्टेबल ओव्हनला हात लाव. गरम आहे का? प्लग लावलाय का? इतकंच. ही गोष्ट इंटर्नही बघू शकतो आणि बघितली की शॉपमधले लोक तुला सिरियसली घ्यायला लागतात.

इंपल्स_टेस्ट:
मी इलेक्ट्रिकलवाला, मधेच बोलतो माफ करा, पण बडोद्यात इन्स्पेक्शन म्हणजे नुसतं वेल्डिंग नाही हेही इथे यायला हवं. ट्रान्सफॉर्मरचे किती कारखाने आहेत आपल्याकडे, आणि मकरपुऱ्यात एर्डा आहे, टेस्टिंगची इतकी मोठी संस्था शहरात असणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी इकडे बघा. आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, रूटीन टेस्ट आणि टाइप टेस्टमध्ये फरक काय. रूटीन प्रत्येक नगाची होते, वाइंडिंग रेझिस्टन्स, रेशो, लॉसेस वगैरे. टाइप टेस्ट डिझाइनची होते, टेंपरेचर राइज, लाइटनिंग इंपल्स. डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरसाठी आयएस ११८० वाचून जा. आणि वीज कंपनीचा इन्स्पेक्टर लॉटमधून नग स्वतः निवडतो, मॅन्युफॅक्चरर पुढे करेल तो घेत नाही, ही निवड कशी होते ते नीट बघा. बाकी तुमचं चालू द्या.

पेनेट्रंट_लाल:
डीपी, म्हणजे डाय पेनेट्रंट टेस्टवर कुणीच नीट बोललं नाही अजून? मुलाला घरबसल्या, म्हणजे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, हात बसवता येईल अशी ती एकच टेस्ट आहे. तीन कॅन येतात, क्लीनर, लाल पेनेट्रंट, पांढरा डेव्हलपर. वर्कशॉपमध्ये मुलांनी बिघडवलेले वेल्डचे तुकडे पडलेले असतातच, तेच घे.
पृष्ठभाग साफ कर, ग्रीस नाही, स्लॅग नाही, पेंट तर नाहीच. पेनेट्रंट मार, थांब. किती? कोडमध्ये आणि कॅनवाल्याच्या सूचनेत बघ, वेल्डसाठी पाच मिनिटांच्या खाली येत नाही. मग पुसायचं, आणि इथे नव्वद टक्के पोरं सरळ जॉबवर क्लीनरचा फवारा मारतात, कारण पटकन साफ होतं. नाही मारायचं! फवारा मारला की क्रॅकमध्ये शिरलेला लाल रंगही धुऊन निघतो आणि तू रिपोर्टवर लिहितोस नो इंडिकेशन. आधी कोरड्या कापडाने, मग कापडावर थोडा क्लीनर घेऊन पुसायचं. डेव्हलपर पातळ आणि एकसारखा, वाळला की निदान दहा मिनिटं थांबायचं आणि तासाच्या आत शेवटचा निकाल द्यायचा. डेव्हलपर मारल्या मारल्यापासूनच बघत राहा मात्र, रंग कुठून कसा बाहेर येतो त्यावरून पुष्कळ कळतं.
आता बडोद्याची गोष्ट. स्टँडर्ड टेक्निक ५ ते ५२ डिग्रीच्या पृष्ठभागासाठी आहे. मे महिन्यात दुपारी यार्डात उन्हात ठेवलेल्या व्हेसलला हात लावून बघ, लावता येणार नाही. तिथे कुणी 'साहेब, डीपी करी नाखीए' म्हणालं तर आधी टेंपरेचर मोजायला सांगायचं, जास्त असेल तर जॉब सावलीत घ्या नाहीतर सकाळी करा. आणि उजेड, १००० लक्स लागतो. शॉपच्या आतल्या कोपऱ्यात दिवसाही तेवढा नसतो, टॉर्च लावावाच लागतो आणि लक्स मीटर असतो, तो मागायचा. इंटर्न असताना नुसतं 'सर, लक्स मीटर कुठे ठेवतात' असं विचारलंस तरी समोरच्याला कळतं मुलगा वाचून आलाय.

दांडियाबाजारकर:
पेनेट्रंट दादा, मी सरांना विचारलं, वर्कशॉप शनिवारी वापरू देतो म्हणाले. किट घेतोय. अजून एक, हायड्रो टेस्टबद्दल कुणी सांगाल का, ती बघूनच तर सुरुवात झाली.

गेज_आणि_टॉर्च:
हायड्रोवर लिहायला बसलो तर रात्र जाईल पण महत्त्वाचं तेवढं सांगतो. सेक्शन एट डिव्हिजन वनमध्ये टेस्ट प्रेशर कमीत कमी व्हेसलच्या प्रेशरच्या १.३ पट, त्यात मटेरियलच्या स्ट्रेसचा रेशो येतो, साध्या कार्बन स्टीलला नेहमीच्या टेंपरेचरला तो एक धर. म्हणजे १० बारच्या व्हेसलला १३. आता गेज कुठला लावणार? डायलची रेंज टेस्ट प्रेशरच्या साधारण दुप्पट, दीडपटीपेक्षा कमी नको, चौपटीपेक्षा जास्त नको. १३ बारला ० ते १६ चा गेज चालणार नाही, ० ते १०० चाही नाही, ० ते २५ चा लाव. हे इंटरव्ह्यूत हमखास विचारतात कारण पाठांतरवाला इथे अडकतो. गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बघ, त्यावरचा नंबर आणि गेजवरचा नंबर एकच आहे का ते बघ. वरचा व्हेंट उघडा ठेवून पाणी भरलंय का बघ, आत हवा राहिली तर ती दाबली जाते आणि काही सुटलं तर स्फोटासारखी सुटते, पाण्याचं तसं होत नाही.
आणि लक्षात ठेव, जवळ जाऊन जॉइंट बघायचे ते १३ वर नाही. १३ ला धरायचं, लांब थांबायचं, मग प्रेशर खाली आणायचं, टेस्ट प्रेशर भागिले १.३ पेक्षा खाली नाही, म्हणजे इथे १० बार, आणि मग टॉर्च घेऊन जायचं. त्या मॅडम वाकून बघत होत्या ते तेव्हाच असणार. ब्लाइंड फ्लँजच्या (तोंड बंद करणाऱ्या चकतीच्या) समोर कधी उभं राहायचं नाही, कुणी कितीही बोलावलं तरी. बाजूने बघायचं.
आता मला जे मनापासून सांगायचंय ते. एका ठिकाणी मी कॉलवर गेलो, नाव लिहित नाही, तर हायड्रोचा चार्ट आणि रिपोर्ट टाइप करून तयार, वेळेसकट, आणि व्हेसल अजून कोरडं. 'साहेब, बधुं बराबर छे, सवारे करी लीधुं, खाली साइन', म्हणजे सकाळीच केलंय, फक्त सही करा. कॉलमध्ये विटनेस, म्हणजे हजर राहून बघायचं, असं लिहिलेलं. मी म्हटलं पाणी भरा, बसतो. संध्याकाळ झाली, गाडीवाला निघून गेला, एका नोझलच्या पॅडपाशी घाम फुटल्यासारखं पाणी दिसलं. त्यांनी रिपेअर केलं, पुन्हा टेस्ट केली, तेव्हा सही केली. त्या शॉपने पुढे मला बोलावू नका असं सांगितलं म्हणे. सांगू देत. ते व्हेसल ज्या प्लांटमध्ये बसलं तिथे रात्रपाळीला माणसं असतात.
म्हणून इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापासून एक सवय लाव. वहीत दोन वेगळे शब्द वापर, पाहिलं आणि कागदावर वाचलं. क्यूएपीमध्ये (कुठल्या टप्प्याला काय तपासायचं त्या क्वालिटी प्लॅनमध्ये) होल्ड, विटनेस, रिव्ह्यू असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. होल्ड म्हणजे इन्स्पेक्टर आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, विटनेस म्हणजे त्याला बोलावलंय, हजर राहून बघायचं, रिव्ह्यू म्हणजे कागद तपासायचे. रिव्ह्यू केलेल्याला विटनेस म्हणून सही करायची नाही. आणि कुणी प्रेमाने 'तूही सही कर रे शिकायला' म्हणालं तर इंटर्नने कुठल्याही रिपोर्टवर सही करायची नाही, नम्रपणे सांगायचं मला अधिकार नाही.

वेल्डिंग_ताई:
काकांच्या शब्दाशब्दाला माझा हात वर.
त्याला जोडूनच, सेफ्टीचं. सेफ्टी शूज स्वतःचे घे, दुसऱ्याचे घालू नकोस, पायाला लागतात आणि मग माणूस चप्पल घालून फिरतो. ग्राइंडिंग चालू असेल तिथे गॉगलशिवाय नाही. व्हेसलच्या आत शिरायचं असेल तर परमिट, आतली हवा तपासलेली, बाहेर माणूस उभा, तिन्ही असल्याशिवाय डोकंही घालायचं नाही, आर्गन वायू लावून पर्ज केलेला (आतली हवा घालवलेला) पाइप किंवा व्हेसल बाहेरून अगदी निरुपद्रवी दिसतो आणि आत ऑक्सिजन नसतो. रेडिओग्राफी (किरणोत्सारी सोर्स लावून वेल्डची फिल्म काढणं) सहसा रात्री होते, दोरी बांधून लाल दिवा लावतात, त्या दोरीच्या आत इंटर्नचं काम नाही. इरिडियम सोर्स दिसत नाही, वास नाही, आवाज नाही. ते काम एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाने ट्रेनिंग घेतलेले, बॅज लावलेले लोकच करतात. तू दुसऱ्या दिवशी फिल्म बघ, व्ह्यूअरवर बसून फिल्म वाचायला शिकणं फार सुंदर काम आहे, पोरोसिटी, स्लॅग, लॅक ऑफ फ्यूजन हे वेल्डमधले दोष ओळखता यायला लागलं की वेळ कसा जातो कळत नाही.

अलकापुरीची_आई:
मी या क्षेत्रातली नाही पण माझी मुलगी डिप्लोमाला आहे आणि तिलाही हेच करायचंय. घरी सगळे म्हणतात मुलीने शॉपवर कशाला. @वेल्डिंग_ताई तुम्ही प्रामाणिकपणे सांगाल का?

वेल्डिंग_ताई:
सांगते ना वहिनी. मुलगी हे काम उत्तम करते, बारकाईने बघणं आणि नाही म्हणता येणं या दोन गोष्टी लागतात. त्रास कामाचा नाही, सोयींचा आहे. लहान शॉपमध्ये बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का हे पहिल्याच भेटीत विचारायला सांगा, लाजायचं कारण नाही, नसेल तर दुसरं शॉप. जायची यायची सोय काय, वाघोडिया-सावलीकडे कंपनीची बस आहे का, उशीर झाला तर कोण सोडणार, तेही. इंटर्नशिप जनरल शिफ्टमध्येच मागायची. वेल्डर, फिटर लोकांबद्दल घरच्यांना भीती असते, माझा अनुभव असा की त्यांच्या कामाला मान दिला, 'भाई, आ रूट रन केवी रीते मारो छो, जरा बतावो', म्हणजे वेल्डचा हा पहिला थर कसा मारता ते दाखवा, असं विचारलं की ते मुलीसारखं शिकवतात. माझं अर्धं शिक्षण एका आर्गन वेल्डर काकांकडे झालंय. मुलीला माझ्या आयडीवर मेसेज करायला सांगा, आमच्या शॉपवर एक दिवस दाखवते, मग घरी ठरवा.

रावपुरा_टॉवर:
अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिपची गल्लत होते नेहमी म्हणून लिहितो. इंटर्नशिप शिकत असताना, कॉलेजच्या पत्रावर, काही आठवडे, पैसे मिळतील न मिळतील. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली, डिग्री किंवा डिप्लोमा झाल्यावर, साधारण वर्षभर, स्टायपेंडसकट, केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव नोंदवून. आपलं बोर्ड मुंबईचं, पश्चिम विभागाचं. इन्स्पेक्शनवाल्याने दोन्ही करावं असं माझं मत, इंटर्नशिप लहान शॉपमध्ये आणि अप्रेंटिसशिप जमली तर रिफायनरी किंवा मोठ्या प्लांटच्या इन्स्पेक्शन डिपार्टमेंटमध्ये. कारण शॉपमध्ये नवी वस्तू बघतोस, प्लांटमध्ये वीस वर्षं चाललेली. शटडाउनला जाडी मोजतात, कुठे किती खाल्लंय, अजून किती वर्षं चालेल ते काढतात, तो वेगळाच अभ्यास आहे.
आणि पैसे घेऊन इंटर्नशिप सर्टिफिकेट देणारे आता खूप झालेत, ऑनलाइन तर विचारू नका. शॉप न दाखवता सर्टिफिकेट देतो तो इन्स्पेक्शन शिकवत नाहीये.

दांडियाबाजारकर:
अपडेट देतो. काकांनी सांगितलं तसं मकरपुऱ्यात फिरलो, काही ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं, एका ठिकाणी क्यूसीचे सर भेटले. गुजराती आहेत, आजोबा कलाभवनमध्ये (बडोद्याची जुनी तंत्रशिक्षण संस्था) शिकले हे मी बोलता बोलता सांगितलं तर म्हणाले माझे वडीलही तिथलेच, बस. मग त्यांनी एक एमटीसी पुढे केलं! ताई, अगदी तुम्ही सांगितलं तसंच. मी वरून वाचत गेलो, स्पेसिफिकेशन, ३.१, हीट नंबर, केमिकल. सल्फर फॉस्फरसची मर्यादा विचारली ती मला आठवेना, मी म्हटलं स्टँडर्ड उघडून सांगतो. त्यांनी शेल्फवरून काढून दिलं, मी शोधून सांगितलं. ते म्हणाले सुट्टी लागली की ये, कॉलेजचं पत्र आण, पैसे नाहीत, जेवण कॅन्टीनमध्ये. आईला पैशाचं थोडं वाटलं पण बाबा खूश आहेत.
आता विचारायचंय की जाताना काय घेऊन जाऊ? व्हर्नियर माझा स्वतःचा आहे, तो नेऊ का?

पेनेट्रंट_लाल:
अभिनंदन रे! व्हर्नियर ने, हात बसलेला असतो, पण त्या मापावर रिपोर्ट होणार नाही कारण कॅलिब्रेटेड नाही. शिकायला वापर, रिपोर्टचं माप शॉपच्या इन्स्ट्रुमेंटने, ज्यावर स्टिकर आहे आणि ड्यू डेट गेलेली नाही. चांगला टॉर्च, छोटा आरसा, स्टीलची पट्टी, पाच मीटरचा टेप, पांढरा पेंट मार्कर, खिशात मावेल अशी पक्क्या बांधणीची वही. वेल्ड गेज (वेल्डचं माप घ्यायचं) महाग आहे, पहिल्या पगारात घे, तोपर्यंत सरांचा माग.

गेज_आणि_टॉर्च:
'स्टँडर्ड उघडून सांगतो' म्हणालास ना, त्याच्यावरच घेतलं असेल तुला त्यांनी. शाब्बास.
वहीबद्दल एक सांगतो. पानं फाडायची नाहीत, खोडरबर नाही, पेनाने लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, तारीख टाकायची. रोज जॉब नंबर, जॉइंट नंबर, काय पाहिलं, कुठल्या गेजने, कोण हजर होतं. जॉइंटची स्केच काढ, फोटो नाही, बऱ्याच शॉपमध्ये क्लायंटची ड्रॉइंग्ज असतात आणि फोटोला बंदी असते, मोबाइल खिशातच ठेव. आणि पहिल्या आठवड्यात सरांकडे एकच माग, एखादी पूर्ण झालेली फायनल डोसियर (जॉबच्या सगळ्या कागदांची फाइल), एखाद्या डिस्पॅच झालेल्या एक्स्चेंजरची. ती पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाच, क्यूएपी, एमटीसी, वेल्ड मॅप, एनडीटी रिपोर्ट, हायड्रो, पेंट, नेमप्लेटचं रबिंग (कागद ठेवून घासून घेतलेला ठसा). कुठला कागद कुठल्या कागदाला बांधलेला आहे ते कळलं की शॉपवर कुठे काय चाललंय ते आपोआप दिसायला लागतं. अडलास की इथेच लिही, रात्री नऊनंतर मी असतो.

अलकापुरीची_आई:
मुलीने ताईंना मेसेज केलाय, बुधवारी शॉप बघायला जातेय, मीही बरोबर जाणार आहे. दोघींना शूज लागतील ना? कुठल्या दुकानात चांगले मिळतात तेवढं सांगा.

वेल्डिंग_ताई:
तुम्हाला आमच्याकडचे व्हिजिटर शूज देते वहिनी, मुलीला मात्र तिच्या मापाचे घ्या, स्टील टो आणि आयएसआय मार्क बघून. मकरपुरा जीआयडीसीत सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत, लहान माप ठेवतात का ते फोन करून विचारून जा, बऱ्याच जणांकडे सहाच्या खालचं नसतं. केस बांधून, ओढणी नको, सुती कपडे. साडेनऊला गेटवर या, मी घ्यायला येते.